फाटकाबाहेरची माती

"सरकार झोपलंय," मुर्यातीबाई म्हणाल्या आणि त्यांनी उन्हाकडे पाठ केली.

"झोपलं असतं तर रोज संध्याकाळी टीव्हीवर आकडे कोण सांगतं?" गियोनोकाका म्हणाले. त्यांनीही पाठ फिरवली.

सकाळचे दहा वाजले होते. साथीची दुसरी लाट आल्यापासून योग्याकार्ताच्या या गल्लीत दहा वाजता सगळे आपापल्या दारासमोर उन्हात उभे राहत. अंगात ऊन मुरलं की रोग दबकतो, असं सगळेच मानत. पंधरा मिनिटं पुढून, पंधरा मिनिटं मागून, निखाऱ्यावर भाजायच्या साते कबाबाच्या काड्यांसारखे. भाजता भाजता देश कसा चालवावा यावर वाद. बाई निवृत्त शिक्षिका. त्यांच्या मते सगळं महिनाभर कडेकोट बंद ठेवायला हवं होतं. काका रेल्वेत गार्ड होते, आता गल्लीप्रमुख. त्यांच्या मते एवढ्या बेटांचा देश, याहून जास्त कोणाच्या बापाला जमलं नसतं.

वेनिंग बंद फाटकाच्या आत उभी होती, कडेवर लेक लिंतांग. चाचणी पॉझिटिव्ह आली त्याला आज बारावा दिवस. ताप कधीच गेला होता, कालपासून वासही येऊ लागला होता. पण गल्लीचा नियम चौदा दिवसांचा, आणि फाटकाला काकांनी स्वतः बांधलेली लाल दोरी.

"काका," ती मास्कमधून म्हणाली, "आज लिंतांगचे सात लापान भरले."

वाद थांबला. लापान म्हणजे पस्तीस दिवस. असे सात भरले की त्या दिवशी मूल पहिल्यांदा मातीवर उतरवायचं. तोवर पाय टेकू द्यायचा नाही. दिवस टळला की टळला. वेनिंग रसायनशास्त्र शिकलेली. आपला असल्या गोष्टींवर विश्वास नाही, असं ती मैत्रिणींना सांगायची. तरी आठ महिने तिनं लेकीचा पाय जमिनीला लागू दिला नव्हता. घरात चटई, बाहेर कडेवर. या असल्या दिवसांत आपल्याकडून काही राहून गेलं, असं तिला नको होतं.

"मग उतरव की अंगणात," काका म्हणाले.

"अंगण सगळं सिमेंटचं आहे."

माती होती ती बाहेर, रांबुतानच्या झाडाखाली. फाटकापासून चार पावलांवर.

"सोडा ती दोरी," बाई म्हणाल्या. "पाच मिनिटांचं काम. आम्ही सगळे लांब सरतो."

"बाई, काल तुम्हीच म्हणालात, एकाला सूट दिली की साथ हसते."

"ते मंत्र्यांबद्दल. हे लेकरू आहे."

"मंत्रीही कोणाचं तरी लेकरूच असतं."

"तुमच्या सरकारला विमानं उडवताना नियम आडवे येत नाहीत, आणि तुम्हाला चार पावलं जड झाली?"

"सरकारचं सरकार बघेल. दोरी मी बांधलीय." काकांचा आवाज खाली आला. "माझी म्हातारी आत झोपलीय, बाई. तिला जिना चढतानाही धाप लागते."

बाईंनी पुन्हा उन्हाकडे पाठ केली.

"राहू दे, काका. तुमचं बरोबर आहे," वेनिंग म्हणाली. तिनं लिंतांगला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि तोंड घराकडे वळवलं. डोळे दिसू नयेत म्हणून.

काका घरात गेले. आले ते मिरचीची कुंडी घेऊन. रोप उपटून बाजूला ठेवलं, माती पिशवीत ओतली, आणि पिशवी फाटकाच्या खिळ्याला अडकवली. बारा दिवस त्याच खिळ्याला कोणी ना कोणी अंडी, भाजी, सोयाबीनचं टेंपे अडकवून जात होतं.

"तिनं बाहेर यायचं नाही, असा नियम आहे," ते मागे सरून म्हणाले. "मातीनं आत जायचं नाही, असा नाही."

"याला पळवाट म्हणतात," बाई म्हणाल्या.

"रेल्वेत लूपलाइन म्हणतात."

"पण मिरचीची माती? पोरगी तिखट निघेल." बाई तरातरा गेल्या आणि मोगऱ्याच्या कुंडीतली माती घेऊन आल्या. मग समोरच्यांनी पालकाच्या वाफ्यातली आणली. शेजारच्यांनी केळीच्या बुंध्यातली. अर्ध्या तासात फाटकावर अकरा पिशव्या लटकल्या.

वेनिंगनं सवयीनं फवारणीची बाटली उचलली. आत येणारं सगळं ती फवारून घ्यायची, अंडीसुद्धा. पहिल्या पिशवीवर तिनं बाटली रोखली. मग ती पायरीवर ठेवून दिली आणि सगळी माती अंगणात ओतली.

"उतरवताना थोरांचा हात लागतो ना?" तिनं विचारलं.

"हे घे," बाई म्हणाल्या. गल्लीच्या पलीकडे उभं राहून त्यांनी दोन्ही हात हवेत पुढं केले. "काखेत धर. अशी. आता हळूच खाली. उजवा पाय आधी."

बाईंचे हात खाली येतील तसे वेनिंगचे हात खाली आले. लिंतांगनं पाय पोटाशी ओढले. सगळी गल्ली गुडघ्यांवर वाकली. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी कोंबडीचा आवाज काढला. लिंतांगनं एक पाय सोडला. बोटं मातीत रुतली. ती दचकली, आईकडे पाहिलं, आणि दुसराही पाय टेकवून मटकन खाली बसली. लगेच मूठभर माती उचलली.

"तोंडात घालेल हं," काका म्हणाले.

"घालू दे," वेनिंग म्हणाली आणि तिनं पोरीची मूठ घट्ट धरली.

"काळीभोर लागलीय तळव्याला," बाई म्हणाल्या. "मोगऱ्याची. माझी."

"चष्मा पुसा, बाई. मिरचीची आहे ती."

"पालकाची," समोरून आवाज आला.

"आकडे वाचता तशीच माती बघता तुम्ही," बाई काकांना म्हणाल्या.

दोन मीटरांच्या आत कोणालाच येता येत नव्हतं. वेनिंगनं लेकीला उचललं, फाटकाशी आणलं, आणि तो मातीचा पाय न पुसता सगळ्यांना दिसेल असा उंच धरला.