मागच्या बर्थचा पंखा

"नवी बॅटरी बसली की गगनबावड्याला जाऊ. येशील?" मुक्कामाची सोय असलेल्या कॅम्पर गाडीच्या पायरीवर चहा पिता पिता बाबांनी विचारलं.

"बघू," ऋजुता नेहमीसारखं म्हणाली.

"तुझ्या 'बघू'वर गाडी चालली असती, तर बॅटरी लागलीच नसती," बाबा हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

महिन्याभराने गॅरेजवाले सादिकभाई नवी बॅटरी आणि चार्जर घेऊन आले. अशा गाड्यांची बॅटरी मालकाला पाहून पाहूनच वीज कशी वापरायची ते शिकते, आणि बदलताना जुनीच्या सवयी नवीत उतरवून घ्याव्या लागतात. सादिकभाई चार्जरच्या पडद्यावर बघत एकेक सवय विचारत होते.

"ताई, ही काढू का? गाडी मुक्कामाला थांबली की मागच्या बर्थचा पंखा आपोआप लागतो. साहेब तर एकटेच, पुढे झोपायचे. उगाच चार्जिंग जातं."

तो बर्थ बाबांनी ऋजुतासाठी करून घेतला होता. पंख्याशिवाय तिला झोप येत नसे. त्या बर्थवर ती एकदाही झोपली नव्हती.

"राहू दे ती," ती म्हणाली.

नवी बॅटरी जोडली गेली. पंखा फिरू लागला. ऋजुता मागे जाऊन त्याच्याखाली बसली आणि सादिकभाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "हो बाबा, जाऊ या."