आभाराचा फोन

घशाच्या ऑपरेशनमध्ये गेलेला बाबांचा आवाज शलाकाने एका दुपारीत सुटे भाग जोडून परत आणला, कारण आता जगातला कुठलाही सुटा भाग, कुठलाही प्रोग्राम कुणालाही वापरता यायचा. अट एकच, मूळ कर्त्याला फोन करून आभार मानायचे.

तिने बाबांच्या गळ्याला ती जुळवलेली आवाजाची डबी चिकटवली आणि डबीतला प्रोग्राम लिहिणाऱ्या नांदेडच्या यमुनाताईंना फोन लावला.

"बाबा, तुम्हीच बोला!" तिने फोन त्यांच्यापुढे धरला.

"ताई... तुमच्यामुळे बोलतोय," डबीतून आवाज आला.

"अगंबाई! बोलक्या पोपटाच्या खेळण्यासाठी लिहिला होता मी तो!" ताई हसता हसता थांबल्या. "एकही पोपट खपला नाही हो. अजून थोडं बोला ना."

बाबा बोलतच राहिले.