पाटावरची जुई

रेवतीने जुईला हलव्याचे दागिने घातले आणि बोरन्हाणासाठी पाटावर बसवलं. दर संक्रांतीचा तोच काळा फ्रॉक यंदाही तिला अगदी बरोबर बसला.

वय थांबवणारं इंजेक्शन पहिल्यांदा दिलं, तेव्हा जुई चार वर्षांची होती. "एकच वर्ष," रेवती नवऱ्याला म्हणाली होती, "नोकरीपायी हिचं बाळपण मी पाहिलंच नाही रे." पुढे दर संक्रांतीला ती तेच म्हणत राहिली. यंदाचं इंजेक्शनही फ्रिजमध्ये आणून ठेवलं होतं.

शेजारची तनया आली. बालवाडीत ती आणि जुई एकाच डब्यातून खायच्या. आता ती दहावीला होती. तिने ओंजळभर बोरं-चुरमुरे जुईच्या डोक्यावरून ओतले. जुई खळखळून हसली आणि मान वर करून तिने विचारलं, "तनया, तू मोठी झालीस तेव्हा तुझी आई खूप रडली का गं?"

तनयाने रेवतीकडे पाहिलं. रेवतीची बोरांनी भरलेली ओंजळ तशीच अधांतरी राहिली.

जुईने तिचा पदर ओढला. "घाबरू नकोस आई," ती हळूच म्हणाली, "मी नाही होणार मोठी. टाक ना बोरं."