दोन वायरी

हारुनने रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आपल्या जुन्या छोट्या गाडीचे स्पार्क प्लग आणि वायरी व्हिडिओ बघून स्वतःच बदलल्या. सोमवारी मुलीला, शायमाला, कॉलेजला सोडायला निघाला, तर गाडी आचके देत कशीबशी सानपाड्यातल्या कमळाकरच्या स्पेअर पार्टच्या दुकानापर्यंत आली. "डुप्लिकेट प्लग दिलेत मला! इतक्या वर्षांची ओळख, तरी फसवलंत!" गिऱ्हाइकांसमोरच हारुन ओरडला. म्हातारा कमळाकर बाहेर आला. त्याने बॉनेट उघडलं, वाकून पाहिलं आणि दोन वायरी काढून एकमेकींच्या जागी बसवल्या. हारुनला आपली चूक कळली. "मारा आता स्टार्टर," कमळाकर म्हणाला. इंजिन एका सुरात चालू लागलं. "काय झालं होतं, काका?" शायमाने खिडकीतून विचारलं. कमळाकरने हारुनच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काय नाय गो. माझाच प्लग खराब व्हता, बदलला." ते ऐकून एका गिऱ्हाइकाने हातातला ऑइलचा डबा परत ठेवला आणि तो स्कूटरकडे निघाला. "बघा अब्बा, तुमचंच बरोबर होतं!" शायमा म्हणाली. हारुन गाडीतून उतरून त्या माणसामागे धावला. "ओ भाऊ, थांबा! प्लग चांगले होते! वायरी मीच उलट्या लावल्या होत्या!" स्कूटर निघून गेली. हारुन वळला. शायमा गाडीतून उतरून कमळाकरपाशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं, आणि हारुनला तिच्याकडे बघवेना.