हिरवा खडू

"तीन छेद चार अधिक एक छेद आठ किती? चुकेल त्याला हिरवा खडू!" गणिताच्या बाई म्हणाल्या. हिरव्या खडूनं फळ्यावर आपली चूक आपणच शोधायची, असा त्यांचा खेळ. भराभर हात वर झाले.

पालकांसाठी ठेवलेल्या मागच्या बाकावर मुग्धा सरसावून बसली. तिच्या ऊर्वीचाही हात उठला, पण अर्ध्यावर थबकला. तिनं वळून आईकडे पाहिलं. रोज अभ्यासाला बसताना उंचावायच्या तशाच मुग्धाच्या भुवया उंचावल्या. नक्की ना? हात खाली आला.

"सांग की गं ऊर्वी, घाबरतेस कशाला?" बाईंनी चुचकारलं. ऊर्वीनं मान खाली घातली.

"फोन आलाय," असं पुटपुटत मुग्धा व्हरांड्यात आली. थोड्या वेळानं आतून ऊर्वीचा खणखणीत आवाज आला, "चार छेद बारा!"

"वा, चुकलीस! धर खडू!" वर्ग खिदळला. सगळ्यांत मोठ्यानं ऊर्वी हसली. घरी चुकलं की ही पोर आधी खोडरबर शोधायची.

मुग्धाची पावलं दाराकडे वळली आणि थांबली. तास संपेपर्यंत ती बाहेरच उभी राहिली, कानाला बंद फोन लावून.