गेरूचा लेप

विश्रामबागेतल्या डॉक्टरांनी गोदावरीबाईंच्या डाव्या डोळ्यात इंजेक्शन दिलं आणि हातमोजे काढत म्हणाले, "आजी, कपाळावर नागीण उठली तेव्हाच गोळ्या सुरू झाल्या असत्या, तर विषाणू डोळ्याच्या पडद्यापर्यंत बहुधा पोचलाच नसता. आठ दिवस गेरूचा लेप लावत बसायला सांगितलं कुणी?"

शेजारी त्यांचे यजमान अनंतराव उभे होते. कराडच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसानं रोज सकाळी आपल्या हातानं तो गेरू कालवला होता. ती दवाखान्यात जाऊ म्हणाली, तर "नागिणीवर डॉक्टरकडं औषध नसतं" म्हणून तिलाच गप्प बसवलं होतं.

"माझाच हट्ट हो," गोदावरीबाई म्हणाल्या. "हे पहिल्या दिवसापासून दवाखान्यात चल म्हणत होते."

डॉक्टर वळले. "सर, तुम्ही तरी जरा रागवायचं!"

खरं काय ते सांगून टाकावं म्हणून अनंतरावांनी तोंड उघडलं. "काय करणार," ते म्हणाले, "ऐकतच नाही ती."

"आजी, हाच विषाणू दुसऱ्या डोळ्यातही जाऊ शकतो, आता उजवा डोळा वाचवायचाय. या गोळ्या चुकवू नका. आणि यापुढं तरी सरांचं ऐका."

"ऐकते की," गोदावरीबाई म्हणाल्या, आणि उठताना आधाराला त्यांनी चाचपडत अनंतरावांचाच हात धरला.