मृत्यूचं कारण

हायवेच्या कुंपणाजवळ मरून पडलेलं हे सहावं हरीण. डॉक्टरीणबाईंनी त्याचं पोट उघडलं, तर आत वाळक्या काटक्यांखेरीज काही नव्हतं. तारेवर घासून घासून नाकाचं कातडं निघालं होतं. मृत्यूच्या कारणापुढे त्यांनी लिहिलं, ‘तहान’.

वनखात्याच्या साहेबांनी कागद वाचून चष्मा काढला. “बाई, नदी दोनशे पावलांवर आहे. लोक हसतील आपल्याला.”

“नदी हायवेच्या पलीकडे आहे, साहेब. कुंपण झाल्यापासून इथल्या हरणांना तिकडे जाताच येत नाही.”

“आणि कुंपणाला मंजुरी कुणी दिली? आपणच ना? मग आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेता? साथीचा रोग लिहा. साथीला कुणी जाब विचारत नाही.”

बाईंच्या बदलीचा अर्ज तीन वर्षं साहेबांच्याच टेबलावर पडून होता, आणि गावी आई अंथरुणाला खिळलेली. मेलेल्या जनावराला काय फरक पडणार, अशी मनाची समजूत घालून त्यांनी ‘तहान’ खोडलं.

पंधरा दिवसांत वरून हुकूम आला. थोडं लांब, हायवेखालच्या एका मोरीतून काही कळप अजून नदीवर पोचत होते. साथ पलीकडे पसरू नये म्हणून ती मोरी बाईंच्या देखरेखीखाली बुजवायची होती.

सिमेंट कालवता कालवता मुकादम थबकला. “बाई, ती हरणं समोर उभी आहेत ना, ती काही आजारी दिसत नाहीत हो. एकदा पाणी पिऊन येऊ देऊ का त्यांना?”

बाईंनी तिकडे पाहिलंच नाही.

“साथ आहे,” त्या म्हणाल्या.